उजवा हात वर जाईपर्यंत

रोज सकाळी दूध तापवून झालं की मी आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या गणेश मंडळाच्या हॉलमध्ये जाते. सतरंजीवर बसते, डोळे मिटते, श्वास घेते, श्वास सोडते, दोन्ही हात बाजूने हळूहळू वर नेते. बघणाऱ्याला वाटेल, ही बाई काहीच करत नाहीये. माझ्या मुलीने एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे तर वॉर्मअप झालं. योगा कधी सुरू होणार?" तिला म्हटलं, संपलासुद्धा.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या हातात नुकताच तो रिपोर्ट पडला आहे, त्या बायकांसाठी. मी डॉक्टर नाही. बिबवेवाडीत राहते आणि ब्लाऊज शिवते. त्यामुळे औषधाचं मला काही विचारू नका. मला फक्त माझ्या उजव्या हाताबद्दल सांगायचं आहे. तो वर जात नव्हता आणि तो वर गेल्याशिवाय पुढचा उपचार होणार नव्हता. तो मी वर नेला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. पुण्यात स्वतःचं कौतुक स्वतः करायची पद्धत नाही, दुसऱ्याचं करायचीही नाही. तेव्हा कुणीतरी सुरुवात करायला हवी.

ब्लाऊज बसेना

माझ्या स्वतःच्या ब्लाऊजचं कागदी कटिंग कित्येक वर्षं एकच आहे. मशीनच्या मागे खिळ्याला टांगलेलं असतं. त्यावर डोळे झाकून कापड कापलं तरी ब्लाऊज अंगाला चपखल बसतो. पण त्या वर्षी दिवाळीला शिवलेला नवा ब्लाऊज उजवीकडे ओढल्यासारखा दिसायला लागला. छातीवरची चूण, आम्ही तिला टक्स म्हणतो, ती काही जागेवर बसेना. मी कापडाला शिव्या दिल्या, शिवण उसवली, अर्ध्या बोटाची ढील दिली आणि पुन्हा शिवली. बसला. पुढच्या ब्लाऊजलाही तेच झालं, त्यालाही ढील दिली.

गिऱ्हाइकाचं असं झालं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, ताई, तुमचं माप बदललंय. स्वतःच्या बाबतीत मात्र कापड वाईट निघालं. दुखत काहीच नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीकडे बघायला ऐन सणात वेळ कुणाला असतो? एक दिवस आंघोळ करताना गाठ हाताला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलीला, ऋतुजाला, फोन केला. ती खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एरवी माझा फोन घेताना मीटिंगमध्ये असते. त्या दिवशी एका दमात म्हणाली, "आजच्या आज डॉक्टर. नो डिस्कशन."

रिपोर्टचा दिवस

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. मी, ऋतुजा आणि हे. हे म्हणजे माझे यजमान, दत्तात्रय. कात्रजच्या पलीकडच्या गावचे, शेतकरी घरातले. गाव कधीच महापालिकेत आलं, यांची बोली अजून यायची आहे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि ऋतुजाकडे बघून इंग्रजीत बोलायला लागले. मला शब्द कळत नव्हते, पण तिचा चेहरा कळत होता. मी टेबलावर हात ठेवला. म्हटलं, "डॉक्टर, आजारी मी आहे. माझ्याकडे बघून मराठीत सांगा."

ते दचकले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी नीट सांगितलं. कॅन्सर आहे. बरा होण्यासारखा आहे. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन.

"ऑपरेशन म्हणजे काढून टाकणार का?"

"हो. उजवीकडचं."

मला भीती वाटली. लोक लिहितात की मुलांचे चेहरे डोळ्यांसमोर आले, राहिलेली कामं आठवली. माझ्या मनात एवढंच आलं की मला मरायचं नाही. दुसरं काहीही आलं नाही. पाय गार पडले होते आणि मी चपलेत बोटं हलवून ते आपलेच आहेत ना ते बघत होते.

ऋतुजा तिथूनच ऑफिसला गेली. जायची गरज नव्हती, पण तिला आमच्यासमोर रडायचं नव्हतं. परत येताना ह्यांनी स्कूटर एका रसवंतीपाशी थांबवली. थंडीचे दिवस, आणि हे म्हणे, रस घेऊ. बिनबर्फाचा सांगितला. ह्यांनी ग्लास गटागटा संपवला आणि म्हणाले, "काय न्हाय होत. मी हाय की." मग पाठ फिरवून डोळे पुसले आणि स्कूटर ढकलत चालायला लागले. किल्ली रसवाल्याच्या टेबलावरच राहिली होती. ती मी उचलली. त्या अवस्थेतही मला हसू आलं, आणि हसू येतंय हे बघून जरा धीर आला.

केमो, थोडक्यात

केमोबद्दल खूप जणींनी लिहिलंय, माझं काही वेगळं नव्हतं. केस गेले. फोडणीचा वास सहन होईना म्हणून ह्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून स्वयंपाक करायला सुरुवात केली. त्यांना एकच भाजी यायची, दुधी. तोही उकडलेला. आमच्या घरात त्या महिन्यांत दुधी हा शब्द उच्चारला की ऋतुजा उठून जायची.

समोरच्या इमारतीतल्या बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तर रोज पहाटे चालायला जायचात. मग तुम्हाला कसा काय झाला?" जणू चालणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चुकून राहिलं होतं. मी म्हटलं, "आता तुम्ही चालू नका, उगाच धोका कशाला?" त्या पुन्हा आल्या नाहीत. थोडं बरं वाटलं.

वॉर्डातली पिशवी

ऑपरेशननंतर बगलेतून एक नळी काढलेली असते आणि तिला एक डबी लावलेली. जखमेतलं पाणी त्यात जमा होतं. ती डबी हातात धरून बाथरूमला जायचं, हातात धरून झोपायचं. मला हे ऑपरेशनच्या आधीच कळलं होतं, म्हणून मी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून एक छोटी पिशवी शिवून नेली होती. गळ्यात अडकवायची, जांभळ्या खणाची, बारीक लेस लावलेली. सकाळी सिस्टर डबी रिकामी करायला आली आणि बघतच राहिली. "मावशी, मॅचिंग?" तिने विचारलं.

त्या वॉर्डात दिवस पहाटे सुरू व्हायचा. चहा, इंजेक्शन, डॉक्टरांची फेरी, मग दुपारी भेटायला येणारे आणि त्यांचे उसासे. छातीच्या उजव्या बाजूला मी दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना पाहिलं. सपाट होतं आणि आडवी लांब शिवण होती. मी रडले. सिस्टर थांबली. रडून झाल्यावर माझी नजर आपोआप टाक्यांवर गेली. सारख्या अंतरावर होते, कुठेही कापड गोळा झालेलं नव्हतं. म्हणजे कातडी. शिवणाऱ्याचा हात चांगला होता हे मी त्या डॉक्टरांना नंतर सांगितलं. त्यांना असं प्रशस्तिपत्र आधी कुणी दिलं नसावं.

कच्ची शिवण

आणि इथे माझी चूक झाली. ती फक्त शिवणकाम करणाऱ्या बाईच्याच हातून होऊ शकते.

वॉर्डात व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ मॅडम येऊन गेल्या होत्या. नळी निघाली की रोज हात थोडा थोडा वर न्यायचा, भिंतीवर बोटं चालवायची, हे त्यांनी करून दाखवलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तुम्हाला शिवणातलं काय कळतं? कच्ची शिवण ओढली की काय होतं ते मी रोज बघते. धागा तुटतो, नाहीतर कापड फाटतं. ताज्या शिवणीला हात लावायचा नसतो, ती बसू द्यायची असते.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्याच ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधून दिला. बैलाचा पाय मोडला तर जशी काळजी घेतील तशी माझी घेतली. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हते. डोक्याला बांधायचा रुमालही तेच बांधायचे, आणि वैरणीची पेंढी बांधल्यासारखी मागे घट्ट गाठ मारायचे. मशीनवर चादर टाकून ठेवली होती. ऋतुजा चिडायची. "आई, फिजिओने मूव्हमेंट करायला सांगितलीय ना? बाबा, तुम्ही तिला पॅक करून का ठेवलंय?"

"टाकं तुटलं मंजी?" हे म्हणायचे.

"तुला शिवण कळते का मला?" मी म्हणायचे.

आम्ही दोघं एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. एका रविवारी ती ताट तसंच टाकून उठून गेली. आम्ही नवरा-बायको मात्र शहाणे. हात पोटाशी धरून मी आठवड्यामागून आठवडे बसून राहिले.

"हात वर करा"

रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेक म्हणतात. त्या विभागात पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला टेबलावर आडवं केलं आणि म्हणाल्या, "हात वर करा, डोक्याच्या मागे."

आयुष्यभर हे वाक्य मी बायकांना म्हणत आले. माप घेताना. माझ्यावर ती वेळ आली आणि हात खांद्यापर्यंतही येईना. आतून कुणीतरी दोरी बांधल्यासारखा अडकला. मॅडमनी कोपराखाली हात घालून उचलून बघितला, माझ्या तोंडून किंकाळी बाहेर पडली.

त्यांनी मला उठवून बसवलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "सुलभाताई, त्या मशीनमध्ये हात डोक्याच्या वर ठेवूनच झोपावं लागतं, आणि रोज अगदी तसंच. तुमचा हात असा मध्ये येतोय. असा शेक मी नीट देऊ शकत नाही. फार थांबताही येणार नाही. मी तुम्हाला तीन आठवडे देते."

मी सांगितलं की टाके तुटतील म्हणून हात हलवला नाही. "अहो, टाके कधीच भरले. कापड आपोआप भरत नाही, कातडी भरते." इतकी साधी गोष्ट. घरी येताना रिक्षात मला स्वतःचा इतका राग आला होता की भीतीसुद्धा मागे पडली. आजाराने नव्हे, तर माझ्या शिवणकामाच्या शहाणपणाने माझा उपचार अडवला होता.

फिजिओ मॅडमकडे पुन्हा गेले. त्यांनी व्यायाम पुन्हा शिकवले आणि एक गोष्ट बरोबर पकडली. हात उचलायचा म्हटलं की मी श्वास रोखून धरत होते, दात आवळत होते. त्यामुळे खांदा दगडासारखा होत होता. "घरी एकट्या करू नका, तुम्ही घाबरता. सौम्य योगासनांचा एखादा वर्ग बघा. काय चालेल, काय नाही ते मी शिकवणाऱ्यांना सांगते," त्या म्हणाल्या. वर्ग शोधायला लांब जायची गरज नव्हती. तो आमच्या गल्लीतच होता आणि त्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज मी शिवत होते. म्हणूनच मला तिथे जायचं नव्हतं.

मंडळाचा हॉल

वर्ग घेतात त्या प्रभाताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या आसपास, आवाज अजूनही काउंटरच्या काचेपलीकडून आल्यासारखा. पहिल्या दिवशी मी दारातच सांगायला लागले, "मला काही जमायचं नाही, माझं ऑपरेशन..."

"फिजिओंचा फोन आला होता. चपला रांगेत ठेवा," त्या म्हणाल्या.

मी ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून भिंतीकडेला बसले. एक बाजू सपाट, डोक्याला रुमाल, आणि समोर माझ्याच गिऱ्हाइकांची रांग. ज्या बायकांच्या छातीची, कमरेची मापं मी वर्षानुवर्षं घेतली, त्या आता माझं माप घेणार असं वाटत होतं. कुणी बघत नव्हतं, आणि बघत नाहीयेत हे दाखवायला फारच लक्ष देऊन छताकडे बघत होत्या.

शेजारी खुर्चीवर लीलाआजी होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, दोन गल्ल्या सोडून राहतात, माझं जुनं गिऱ्हाईक. त्या माझ्याकडे वाकून चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "एकच ठेवलं का गं?"

मी कशीबशी मान हलवली.

"माझंही एकच आहे. ऋतुजा झाली नव्हती तेव्हापासून."

मला वाटलं आजी धीर द्यायला काहीतरी बोलतायत. "आजी, तुमचे ब्लाऊज मी शिवते!"

"शिवतेस ना. माप कधी घेतलंस?"

कधीच नाही. आजी पहिल्या दिवसापासून मापाचा जुना ब्लाऊज पाठवत आल्या होत्या. जुना ब्लाऊज द्यायचा आणि याच्यावरून शिव म्हणायचं, निम्म्या बायका हेच करतात. अंगाला टेप लावायची वेळच येत नाही. आजींच्या ब्लाऊजला आतून एक जास्तीचा खिसा असायचा. मला वाटायचं, म्हातारी त्यात किल्ली ठेवत असेल. त्यात त्या कापसाची घडी ठेवत होत्या.

मी इतकी वर्षं तो खिसा नेमाने शिवून देत होते. ऋतुजा झाली, शाळेत गेली, नोकरीला लागली, तेवढा काळ ही बाई कापसाची घडी खिशात घालून लग्नकार्यं, हळदीकुंकू सगळं करत होती आणि जिवंत होती. जिवंत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. मी ओढणी काढली आणि घडी करून बाजूला ठेवली.

"आता बोलणं पुरे. श्वास घ्या," प्रभाताई म्हणाल्या.

खडू

पहिले काही दिवस मी माझ्या पद्धतीने लागले. ऐन लग्नसराईत अर्जंट ऑर्डर आल्यासारखी. भिंतीवर बोटं चालवत हात जिथपर्यंत जाईल तिथे कापडावर खुणा करायच्या खडूने रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचंच. दात आवळून गेले. चौथ्या दिवशी हात सुजला आणि रात्रभर ठणकला. फिजिओ मॅडमनी दोन दिवस थांबायला सांगितलं. तीन आठवड्यांतले दोन दिवस. मी घरी बसून ह्यांच्यावर ओरडले, ऋतुजावर ओरडले, दुधीवर ओरडले.

परत गेले तेव्हा प्रभाताई ओल्या फडक्याने भिंत पुसत होत्या. माझ्या सगळ्या रेघा पुसून झाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "खडू."

मी दिला.

"इथे मोजायचं नाही. चेहरा वाकडा झाला की आसन चुकलं, एवढंच माप. शर्यत लावायची असेल तर सारसबागेत पळायला जा."

"ताई, तारीख जवळ येतेय."

"माहीत आहे. म्हणूनच सांगते आहे."

ज्या बाईने आयुष्यात मापाशिवाय काही केलं नाही, तिला न मोजता राहायला सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. पण केलं. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, कापड मोजायची माझी लाकडी मीटरपट्टी दोन्ही हातांत आडवी धरायची. श्वास घेताना डाव्या हाताने उजव्याला सोबत घेऊन वर न्यायचं. ताण जाणवला की तिथेच थांबायचं, ढकलायचं नाही, परतही यायचं नाही. तिथे थांबून श्वास सोडायचा. मग खांदे गोल फिरवायचे, मान हळू वळवायची, बसून भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडायचा. शेवटी शवासन. संध्याकाळी घरी पुन्हा तेच, हे शेजारी चटईवर. त्यांना वाटायचं मी पडेन. जमिनीवरच झोपलेली बाई कुठे पडणार, पण त्यांना विचारून उपयोग नव्हता. काही दिवसांनी तेही माझ्याबरोबर झोपून श्वास घ्यायला लागले आणि शवासनात घोरायला लागले.

एक दिवस शवासनात मला अचानक रडू कोसळलं. काही विचार मनात नव्हता, दुखतही नव्हतं. रिपोर्टच्या दिवसापासून जे दातांमध्ये धरून ठेवलं होतं ते सुटलं असावं. प्रभाताईंनी माझ्या अंगावर माझीच ओढणी पांघरली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "आज शवासन थोडं जास्त." सगळ्या जणी माझं रडणं संपेपर्यंत मुकाट्याने पडून राहिल्या. हे मी विसरणार नाही.

रुमाल

हात वर जातोय की नाही हे बायकांना केस विंचरताना समजतं. मला केसच नव्हते, त्यामुळे मला कळायला काही मार्ग नव्हता. खडूही प्रभाताईंकडे होता.

एका सकाळी मला हॉलवर जायला उशीर झाला होता. दूध गॅसवर, ह्यांची आंघोळ चाललेली. मी घाईत रुमाल उचलला, डोक्यावर टाकला, दोन्ही हात मागे नेऊन गाठ मारली आणि गॅस बंद करायला धावले. हे बाहेर आले, नेहमीप्रमाणे रुमाल बांधायला माझ्या मागे उभे राहिले आणि तसेच थांबले.

"कुणी बांधला?" त्यांनी विचारलं.

मी हात डोक्याकडे नेला. उजवा. गाठ तिथेच होती, नीट, सैलसर, बाईच्या हाताची. ह्यांना आनंद झाला होता, डोळे भरले होते, पण हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. इतक्या महिन्यांचं त्यांचं एक काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं.

मी गाठ सोडली. म्हटलं, "तुम्हीच बांधा. माझी सैल होते."

त्यांनी पेंढी बांधली.

पुढचं आधी

पुढचं सगळं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला हवं तिथे थांबता येईल. शेक पूर्ण झाला. कातडी काळवंडली, थकवा इतका यायचा की जिना चढून आलं की पहिल्या खुर्चीत बसायचं. त्या दिवसांतही हॉल सोडला नाही. काही दिवस फक्त झोपून श्वास घेतला, प्रभाताई म्हणायच्या, तेही मांडते हजेरीत. तपासण्या चालू आहेत, गोळी चालू आहे. योगासनांनी कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून उठून या. माझा उपचार डॉक्टरांनी केला. मी उपचार घेण्याजोगी राहिले, ते या सौम्य, रोजच्या, बघणाऱ्याला आळशी वाटणाऱ्या सरावामुळे. आणि रात्री झोप लागते, माणसांवर कमी ओरडते. ह्यांचं मत याबाबतीत वेगळं आहे.

मशीनवरची चादर निघाली. एका बाजूला खिसा असलेले ब्लाऊज आता मी उघडपणे शिवते. लांबून बायका येतात. त्यांना मी आधी खुर्चीत बसवते, हात कुठवर जातो ते विचारते आणि मग टेप हातात घेते. फार घट्ट खांदा असला तर माप राहू दे म्हणते आणि सकाळी हॉलवर बोलावते. दोघी-तिघी येऊ लागल्यात. प्रभाताई त्यांना चपला रांगेत ठेवायला सांगतात.

ती तारीख

आता तो दिवस. तीन आठवडे संपले होते. त्या दिवशी मशीनखाली नीट झोपता येतंय का ते बघून शरीरावर खुणा करणार होते. जमलं नसतं तर डॉक्टरांना दुसरा, कमी चांगला मार्ग शोधावा लागला असता. हे मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं.

हे बाहेर थांबले. आत गार होतं. एक तरुण मुलगी होती, तिने मला त्या अरुंद टेबलावर झोपवलं. डोक्याच्या मागे हात टेकवायला आधार होता आणि धरायला एक दांडी.

"मावशी, हात वर. जमेल तेवढा."

मी डोळे मिटले. श्वास घेतला आणि श्वासाबरोबर हात उचलला. खांद्याच्या वर गेला. कानापाशी ताण आला, ओळखीचा. तिथे थांबले, ढकलला नाही. श्वास सोडला. पुन्हा घेतला. हात आणखी मागे गेला आणि बोटांना ती दांडी लागली. गार लोखंडी. मी ती धरली.

"परफेक्ट. आता अजिबात हलायचं नाही," मुलगी म्हणाली आणि बाहेर गेली. जड दार बंद झालं.

मी एकटी होते. मशीन घुरघुरत होतं. अंगावर उजवीकडे कपडा नव्हता, ती सपाट जागा आणि ती शिवण उघड्यावर होती, दोन्ही हात डोक्याच्या वर. मला वाटलं होतं तिथे मला भीती वाटेल. हात दुखत होता. पण मी श्वास मोजत नव्हते, फक्त घेत होते आणि सोडत होते, आणि मला जे वाटत होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही. हे शरीर कापलं होतं, शिवलं होतं, माझ्याच शहाणपणाने आखडून ठेवलं होतं, तरी मी हळूच सांगितल्यावर त्याने माझं ऐकलं होतं.

झाल्यावर कपडे केले आणि बाहेर आले. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर माझ्यासारखे पेशंट आणि त्यांचे लोक. हे टोकाला उभे होते. मला बघून झपाझपा चालत आले.

"काय झालं? गेला का वर?"

मी तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, दोन्ही हात उचलले आणि कानाला लावून सरळ वर धरले.

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. ह्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घाईने आजूबाजूला. चारचौघांत बायकोच्या बाजूला बसायलाही लाजणारा माणूस तो. कान लाल झाले.

"खाली घे की आता," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकं बघत्यात."

"बघू देत," मी म्हटलं.